खिशात हात, परवानगीने

जगातलं सगळ्यांत अवघड काम कोणतं, असं विचारलं तर कोणी एव्हरेस्ट चढणं म्हणेल, कोणी जावयाला खूश ठेवणं म्हणेल. मी बँकेतला कारकून. वीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसून माझं मत असं झालं आहे की, आपलेच पैसे दुसऱ्याकडे मागणं ह्याइतकं अवघड काम ह्या पृथ्वीतलावर दुसरं नाही. दुसऱ्याचे पैसे मागणं सोपं असतं. त्याला कर्ज म्हणतात आणि त्यासाठी छापील फॉर्म असतो. आपले पैसे मागायला मात्र फॉर्म नाही. तिथे नुसता चेहरा लागतो, आणि नेमका तोच ऐन वेळी पडतो.

मराठी माणसाची तर ह्या बाबतीत फारच पंचाईत. तो कधीच वसुलीला जात नाही. तो ‘सहज इकडून चाललेला’ असतो. “म्हटलं, जाता जाता डोकवावं.” मग पाऊस होतो, मुलांच्या परीक्षा होतात, कोणाचा तरी गुडघा होतो, चहा होतो. निघताना चपलेत पाय घालता घालता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत तो म्हणतो, “ते आपलं मागचं जरा बघा.” सगळ्या वाक्यात ‘पैसे’ हा शब्द औषधालासुद्धा नाही. समोरचाही तितकाच सभ्य. तो म्हणतो, “आहे, आहे, लक्षात आहे.” आणि वाचकहो, ते खरोखर त्याच्या लक्षात असतं. देणेकऱ्याची स्मरणशक्ती अधू असते हा एक गैरसमज आहे. लक्षात असतं म्हणूनच तर तो आपल्याला लांबून ओळखतो आणि मागच्या दाराने बाहेर पडतो.

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. तीन वर्षं ताळेबंद जुळवण्यात घालवली. ‘संड्री डेटर्स’ म्हणजे येणं, आणि येणं ही मालमत्ता, असं आमचे सर छातीठोकपणे सांगत. ताळेबंदाच्या उजव्या बाजूला, इमारत आणि यंत्रसामग्रीच्या शेजारी, हे येणं मोठ्या रुबाबात बसलेलं असे. पण ते प्रत्यक्षात आणायचं कसं, ह्यावर अभ्यासक्रमात एकही धडा नव्हता. ‘बुडीत व संशयित येण्याची तरतूद’ मात्र दहा मार्कांना होती. म्हणजे पैसे बुडणार हे गृहीत कसं धरावं ते शिकवलं. ते बुडू नयेत म्हणून कोणाच्या दारात किती वाजता जावं ते काही कोणी शिकवलं नाही.

आपले पूर्वज ह्या बाबतीत जास्त व्यवहारी होते. मराठी मुलखात सावकार देणेकऱ्याच्या दारात धरणं धरून बसे. स्वतः उपाशी राही, आणि रिवाज असा की तो उपाशी असेपर्यंत घरातल्या माणसानेही जेवायचं नाही. पद्धत परिणामकारक खरी, पण महिन्याला चाळीस गिऱ्हाइकं असली तर सावकाराने जेवायचं कधी? पुढे चेक आले. चेक आले तसे ते परतही येऊ लागले. म्हणून १९८८ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९८९पासून प्रसिद्ध कलम १३८ लागू झालं. खात्यात पैसे नसताना दिलेला चेक परत जाणं हा गुन्हा झाला. तारीख बघा. एक एप्रिल! पण चेकची मूळ अडचण राहिलीच. त्यासाठी देणाऱ्याला दर वेळी सही करावी लागते. आणि आपण वसुलीला गेलो की सही करणारा माणूस नेहमी लग्नाला गेलेला असतो.

ह्यावरचा तोडगा निघाला तो ब्रिटनमध्ये, १९६४ साली, आणि निघाला आईस्क्रीमपायी. युनिलिव्हर कंपनीतल्या एका गृहस्थांनी आईस्क्रीम विकणाऱ्यांकडची बिलं झटपट वसूल व्हावीत म्हणून डायरेक्ट डेबिटची युक्ती काढली. मला हे वाचल्यावर मोठी गंमत वाटली. बँकांनी काढली असेल असं वाटणारी गोष्ट आईस्क्रीमवाल्यांमुळे निघाली! पण विचार केला तर ते रास्तच आहे. फर्निचरचं बिल थकलं तर खुर्ची उचलून आणता येते. आईस्क्रीमचं बिल थकलं तर काय उचलून आणणार? माल पोटात गेलेला किंवा पातळ झालेला.

युक्ती साधी आहे. गिऱ्हाइकाने एकदाच सही करून आपल्या बँकेला लिहून द्यायचं की, अमुक माणसाने माझ्या नावावर बिल पाठवलं तर अमुक रकमेपर्यंत माझ्या खात्यातून त्याला द्या. मला पुन्हा विचारू नका. म्हणजे, शुद्ध मराठीत, माझ्या खिशात हात घालायची परवानगी. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने नव्वदच्या दशकात ईसीएस आणली. पुढे २००८ साली स्थापन झालेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिची जागा घेणारी नवी व्यवस्था उभी केली. तिचं पूर्ण नाव नॅशनल ऑटोमेटेड क्लिअरिंग हाउस. आद्याक्षरं जोडली की बँकेत त्याचा उच्चार होतो ‘नाच’. “साहेब, आज नाचचे किती रिटर्न?” असं आमच्याकडे अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारतात, आणि काउंटरबाहेर नव्याने आलेला पेन्शनर दचकतो. अंगण वाकडं असण्याची सोय इथेही आहे. फक्त आम्ही त्याला ‘सर्व्हर डाऊन’ म्हणतो.

तुम्ही म्हणाल, हल्ली तर पानाच्या टपरीवरसुद्धा तो चौकटी-चौकटींचा क्यूआर कोड असतो. फोन दाखवला की पैसे गेले. मग हा उपद्व्याप कशाला? पण त्या कोडाने पैसे जातात ते देणाऱ्याने द्यायचं मनावर घेतलं तर. आणि सगळं घोडं पेंड खातं ते तिथेच. क्यूआर कोड म्हणजे देवळातली दानपेटी. ज्याला वाटेल तो टाकेल. डायरेक्ट डेबिट म्हणजे विहिरीतला पोहरा. घेणाऱ्याने सोडायचा आणि घेणाऱ्यानेच ओढायचा. विहिरीत पाणी नसलं तर पोहरा आपटतो तेवढं.

आता आमच्या गावाकडे येतो. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तिथे एक बेकरी आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. पाव, बटर, टोस्ट आणि खारी. खारी अशी की चहात बुडवली तर आपल्या हातात निम्मी येते आणि निम्मी कपाच्या तळाशी समाधी घेते. हा माल किराणा दुकानं, एसटी स्टँडवरचं कँटीन आणि चहाच्या टपऱ्या मिळून सेहेचाळीस ठिकाणी जायचा. सकाळी टेम्पो माल टाकून येई, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अण्णा स्वतः बिलबुक काखेला लावून वसुलीला निघत. सेहेचाळीस दुकानं, सेहेचाळीस चहा. डॉक्टरांनी साखर बंद केली तेव्हा अण्णा म्हणाले, “साखर बंद करतो, पण वसुली कशी बंद करू?” एवढ्या फेऱ्या मारून महिन्याअखेर तिसरा हिस्सा बाकी राहायचाच. आणि खारीचंही आईस्क्रीमसारखंच. थकली तरी परत आणता येत नाही.

त्यांचा मुलगा शिकलेला. त्यानेच कुठूनसं हे डायरेक्ट डेबिट काढलं आणि बापाला घेऊन माझ्या टेबलापाशी आला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “म्हणजे मी मागायचं नाही?”

“नाही.”

“कोणी मागायचं?”

“कोणीच नाही. तारखेला आपोआप होतं.”

अण्णा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. तीस वर्षं पाठीवर धोंडा घेऊन चढण चढलेल्या माणसाला शेजारून रस्ता होता असं सांगितलं की तो जसा पाहील, तसे.

मग सोपस्कार सुरू झाले. आमच्या हेड ऑफिसने चार पत्रं लिहिली, त्यांतली दोन एकमेकांच्या विरुद्ध. अखेर मंजुरी आली आणि सेहेचाळीस दुकानदारांचे मॅन्डेट फॉर्म भरून घ्यायचे ठरले. फॉर्मवर खाते क्रमांक, बँक, जास्तीत जास्त रक्कम, कितीदा काढायचे आणि खाली सही. ही सही ‘बँकेच्या नोंदीप्रमाणे’ हवी. ह्या दोन शब्दांनी जितकी माणसं रडवली तितकी मराठी नाटकांनीही रडवली नसतील. माणूस खातं उघडतो तेव्हा तरुण असतो, सही ऐटबाज असते. आडनावाच्या शेवटच्या अक्षरातून एक रेघ निघून ती सबंध नावाला प्रदक्षिणा घालते. वीस वर्षं किराणा तोलून झाला की त्याच सहीचं गांडूळ होतं. एक दुकानदार माझ्याकडे येऊन म्हणाला, “मागे कशी केली होती तेवढं दाखवा, तश्शीच करून देतो.” मी म्हटलं, “काका, ती दाखवायची नसते. ती जुळवायची असते.” त्यावर ते म्हणाले, “माझीच सही मलाच दाखवत नाही, आणि माझे पैसे दुसऱ्याला देणार! धन्य आहे तुमची.” ह्याला उत्तर नाही. सर्क्युलरमध्येसुद्धा नाही. पहिल्या खेपेला अकरा फॉर्म सहीपायी परत आले.

सहीच्या आधीचं प्रकरण अधिक नाजूक होतं. ‘परवानगी’ हा शब्द ऐकला की दुकानदार खिशावर हात ठेवत. “म्हणजे अण्णा वाटेल तेवढे काढणार?” नाही, फॉर्मवर लिहिलेल्या कमाल रकमेच्या वर एक रुपया काढता येत नाही. “नको झालं तर?” बँकेत लेखी द्या, रद्द होतं. “आणि त्या दिवशी खात्यात नसले तर?” इथे मात्र मला खरं ते सांगावं लागे. नसले तर बिल परत जातं, तुमची बँक तुम्हाला दंड लावते, आणि हा चेकसारखाच गंभीर मामला आहे. २००७च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे ऐकल्यावर एक टपरीवाला म्हणाला, “खारीसाठी?” मी म्हटलं, “कायद्याला खारी आणि मोटार सारखीच.” त्याने लगेच तारीख बदलून घेतली. पाचऐवजी अकरा. दहा तारखेला त्याच्या भिशीचे पैसे येत.

तारखेचं महत्त्व मी घरी शिकलो आहे. माझ्या स्वतःच्या पगारावर पाच पोहरे सोडलेले आहेत. घराचा हप्ता, विमा, चिरंजीवांच्या क्लासची फी, म्युच्युअल फंड आणि मोबाइल. आमचे वडील पगार झाला की लोखंडी कपाटात पाकिटं करून ठेवत. दूध, वाणी, शाळा, औषध. पाकिटातून पैसे काढताना ते एक सुस्कारा टाकत, आणि त्या सुस्काऱ्याच्या मापाने आम्हा पोरांना महिन्याची तारीख कळे. आता सुस्कारा टाकायला वेळच मिळत नाही. सकाळी दात घासेपर्यंत फोन चार वेळा टणटण करतो आणि चार पाकिटं रिकामी. पूर्वी निदान रविवारी विसावा असे; १ ऑगस्ट २०२१पासून ही व्यवस्था आठवड्याचे सातही दिवस चालू असते. म्हणजे आम्ही रविवारी घरी आणि आमचे पैसे कामावर. आमची ही म्हणते, “तुमचा पगार येतो कधी ते मला कळत नाही. जातो तेव्हा तेवढं कळतं, टणटण करून जातो.”

आणि विसरलेली परवानगी हा तर वेगळाच रोग. माझ्या मेहुण्याने नव्या वर्षाच्या संकल्पात एका व्यायामशाळेला अशी परवानगी दिली. संकल्प बावीस दिवस टिकला. परवानगी चौदा महिने टिकली. तो व्यायाम करत नव्हता, पण त्याचं खातं दर महिन्याला इमानेइतबारे वजन कमी करत होतं. मी त्याला बँकेत नेऊन ते मॅन्डेट रद्द करवलं, तेव्हा तो म्हणाला, “त्यांनी एकदा तरी विचारायला हवं होतं, येता का म्हणून.” कार्ड किंवा यूपीआयवरून असे पैसे काढायचे असतील तर निदान चोवीस तास आधी कळवावं लागतं, आणि पंधरा हजारांच्या वरच्या रकमेला बहुतेक ठिकाणी दर वेळी गिऱ्हाइकाचा होकार घ्यावा लागतो, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण कळवलेलं वाचायला हवं ना! आम्ही ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ वाचतो आणि बँकेचा संदेश बोटाने सरकवून टाकतो. म्हणून, वाचकहो, वर्षातून एकदा, निदान दिवाळीची झाडलोट करताना, आपल्या खात्यावर कोणाकोणाचे पोहरे सोडलेले आहेत ते बँकेत विचारून घ्या. माळ्यावरच्या अडगळीपेक्षा ती अडगळ महाग पडते.

असो. अण्णांची पहिली फाइल गेली. सेहेचाळीस ओळी. सदतीस वटल्या, नऊ परत आल्या. अण्णांच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीतला हा उच्चांक. पुढच्या महिन्यात परत आलेल्या पाच, त्याच्या पुढे तीन. मुलगा खूश. मी समजत होतो अण्णाही खूश असतील. पण एक दिवस ते पासबुक भरायला आले आणि उगीचच घुटमळत राहिले. शेवटी म्हणाले, “काम होतंय हो. पण आता मला कळत काहीच नाही.”

“काय कळत नाही?”

“कोणाकडे काय चाललंय ते. पूर्वी पैसे मिळायचे नाहीत, पण का मिळाले नाहीत ते तरी कळायचं. आता मशीन नुसतं सांगतं, शिल्लक अपुरी. का अपुरी?”

खरंच आहे. आमच्या यंत्राकडे परत पाठवण्याची कारणं पुष्कळ आहेत. शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, खातं बंद. पण ‘मुलीचं बाळंतपण’ असं कारण त्यात नाही, ‘पुतण्याने दुकान वाटून मागितलं’ असं नाही, ‘यंदा स्टँडच हलवलं’ असंही नाही.

मग अण्णांनी एक गोष्ट केली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते पुन्हा फेरीला निघू लागले. बिलबुक नाही, पिशवी नाही. नुसते मोकळ्या हाताने. पहिल्या दिवशी दोन दुकानदार सवयीने मागच्या दाराने गेले. अण्णांनी पुढच्या दारातून ओरडून सांगितलं, “अरे, तारखेला काढलेत पैसे! बाहेर ये!” तीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने अण्णांना समोरासमोर बसवून चहा पाजला, बिनसाखरेचा. अण्णा मला म्हणाले, “इतकी वर्षं मी ‘सहज आलो’ म्हणायचो. आता खरोखर सहज जातो, तर लोकांना खरंच वाटत नाही.” पण हळूहळू वाटायला लागलं. पैसे मागायला आलेल्या माणसाला कोणी आपली अडचण सांगत नाही. सांगितली तर ती सबब ठरते. न मागणाऱ्याला मात्र सगळं सांगतात.

स्टँडच्या मागे एक चहाची टपरी आहे. चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. अण्णांचं महिन्याचं बिल अठराशे. मॅन्डेटची कमाल रक्कम अडीच हजार. एकदा अण्णा फेरीवर गेले तर टपरी बंद. शेजारच्या रसवंतीवाल्याने सांगितलं, मावशींच्या नवऱ्याला साताऱ्याला दवाखान्यात ठेवलंय, पंधरा दिवस झाले. दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आत अण्णा दारात. त्यांची दोन महिन्यांची बिलं बाकी होती आणि सात तारखेची फाइल त्या दिवशी जायची होती.

“साहेब, मावशीची ओळ थांबवता येईल का? कोणाला अर्ज करावा लागेल?”

मी म्हटलं, “अण्णा, अर्ज कशाला? फाइल तुमची आहे. त्यात जी ओळ घालाल ती जाईल, नाही घातली तर नाही जाणार.”

“पण सही झालीय ना तिची? मग मशीन आपोआप...”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की, ‘तारखेला आपोआप होतं’ हे माझंच वाक्य ते शब्दशः धरून बसले होते. लोक असंच समजतात. एकदा सही दिली की कुठेतरी एक राक्षस बसलेला आहे आणि तो तारखेला हात घालतो. तसं नसतं. सहीने गिऱ्हाईक फक्त दार उघडं ठेवतं. आत जायचं की नाही हे दर महिन्याला घेणाराच ठरवतो. दर महिन्याला कोणीतरी माणूस यादी करतो, नाव लिहितो, रकमेचा आकडा घालतो. ‘आपोआप’ जे होतं ते त्याच्या नंतर. मोठ्या कंपन्यांत हा यादी करणारा माणूस इतका लांब असतो की त्याला मावशी माहीत नसतात, आणि मावशींना तो. अण्णांची यादी मात्र अण्णाच करत होते. ओळ पाठवली असती तर बिल परत आलं असतं, मावशींना त्यांच्या बँकेने दंड लावला असता, आणि दवाखान्यात बसल्या बसल्या त्यांचा फोन टणटणला असता. हे सगळं मी सांगितलं. अण्णांनी ओळ काढली. पंचेचाळीस ओळींची फाइल गेली.

टपरी पाच आठवड्यांनी उघडली. नवरा घरी आला होता. बाकी छत्तीसशे. आता तांत्रिक अडचण अशी की, कमाल रक्कम अडीच हजार, त्यामुळे एकदम काढता येत नाहीत. आणि आले असते तरी होते कुठे? पण मावशींच्या मॅन्डेटवर ‘कितीदा’च्या रकान्यात ‘महिन्याला’ नव्हे, तर ‘जेव्हा सादर होईल तेव्हा’ ह्या चौकोनावर खूण होती. फॉर्म भरताना मुलाने सगळ्यांचीच तशी केली होती, सोयीसाठी. घेणाऱ्याच्या हातात वाटेल तेव्हा ओढायचं हत्यार! मी तो फॉर्म काढून पाहिला आणि अण्णांना म्हटलं, “ह्यावर सहाशे सहाशे करून सहा वेळा काढता येतील.” अण्णा टपरीवर जाऊन मावशींना विचारून आले. बाजार गुरुवारी, टपरीचा गल्ला भरतो तो त्याच दिवशी. म्हणून वार ठरला शुक्रवार. तोवर रोजचा माल रोजच्या रोज रोखीने.

सहा शुक्रवार मी त्या एका ओळीकडे जरा जास्तच लक्ष ठेवून होतो. आमच्या नोकरीत दिवसाला हजारो ओळी डोळ्यांखालून जातात. सगळ्यांची काळजी करायची म्हटली तर माणूस प्रमोशनच्या आधीच पेन्शनीत जाईल. तरी होतो. चौथ्या गुरुवारी धो धो पाऊस लागला, बाजार भरलाच नाही. चार वाजता अण्णांचा फोन आला. “उद्याची ओळ पुढच्या शुक्रवारावर टाकतो. आज स्टँडवर कुत्रंसुद्धा नाही.” जगातल्या कुठल्याही संगणकाला त्या दिवशी हे कळलं नसतं, की आमच्या स्टँडवर कुत्रंसुद्धा नाही.

त्यामुळे सहावा हप्ता सातव्या शुक्रवारी वटला. एकदाही परत नाही, एक रुपया दंड नाही. मी अण्णांना फोन करून सांगितलं.

“आले का? बरं झालं,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, चपलेत पाय घालता घालता बोलावं तसं म्हणाले, “आणि साहेब, मी पावसात फोन करून चौकशी करत होतो, ते मावशीला सांगू नका हं. उगाच लाजेल बिचारी. आणि मग चहाचे पैसे घ्यायची नाही.”